ट्राम आली आणि सुई अलिबागला गेली

तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे आपण वर्गात शिकवतो. ते ऐकून बोईसरचा एखादा चौकस विद्यार्थी होकायंत्र घेऊन रेल्वेच्या फलाटावर जाईल. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. लांब कुठेतरी असलेली गाडी तिच्यातून वीज घेते आहे. आजूबाजूच्या लोखंडामुळे सुई उत्तरेपासून थोडी ढळलेली असेल, पण ती एकाच जागी शांत राहते. "सर, पुस्तकातले खरे कसे मानायचे?" असे त्याने विचारले, तर आपण काय सांगणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला मुंबईची एक जुनी हकिकत आठवते. तिथे तारेतल्या विजेने सुया इतक्या विचलित होणार होत्या, की चुंबकीय वेधशाळाच खाडीपलीकडे न्यावी लागली.

कोपनहेगनची सुई

सुरुवात १८२० सालची. कोपनहेगनचे प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी विजेची तार चुंबकसुईजवळ धरली आणि सुई हलली. हा शोध निव्वळ अपघाताने लागला असे पुष्कळदा सांगतात. पण वीज आणि चुंबकत्व यांचे नाते असले पाहिजे, हा विचार ओरस्टेड यांच्या मनात कित्येक वर्षे होता. २१ जुलै १८२० रोजी त्यांनी लॅटिनमधील छोट्याशा पत्रिकेतून तो युरोपभर कळवला.

विद्वानांना नवल वाटले ते सुईच्या दिशेचे. सुई तारेकडे ओढली गेली नाही, तारेपासून दूरही ढकलली गेली नाही. ती तारेला आडवी होऊ पाहत होती. म्हणजे हे क्षेत्र तारेला वेढा घालून असते. काही आठवड्यांतच फ्रान्सच्या अँपिअर यांनी दाखवले, की एकाच दिशेने प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात आणि उलट दिशेने वाहणाऱ्या दूर ढकलतात.

कुलाब्याच्या वह्या

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ साली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने सुरू झाली आणि १८४६ पासून ती नियमित होऊ लागली. गणिती म्हणून प्रसिद्ध झालेले केरूनाना छत्रे तरुणपणी इथेच काम करीत होते. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उद्रेकामुळे जगभर चुंबकीय वादळ झाले, तेव्हाही कुलाब्याची वही लिहिली जात होती. त्या दिवशी इथले क्षेत्र काही तासांत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. (नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग. मुंबईत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे.) २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता ठरवली, ती याच नोंदी उघडून.

आणि मग शहरात विजेची ट्राम येण्याचे ठरले. घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून होत्या, त्यांचा सुईला उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामचा प्रवाह मात्र दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा होता. तो वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. जाणारा आणि येणारा प्रवाह अगदी जवळजवळ असते, तर दोघांची क्षेत्रे लांबून एकमेकांना पुसून टाकतात. पण रुळांतला काही प्रवाह ओल्या जमिनीत झिरपतो आणि दूरवरून फिरून परततो, म्हणून हे पुसणे अपुरे राहते.

आपण हिशेब करून पाहू. लांब सरळ तारेतून १०० अँपिअर वाहत असतील, तर एक किलोमीटरवर क्षेत्र भरते सुमारे २० नॅनोटेस्ला. होकायंत्राला ते कळणारही नाही. पण पृथ्वीचे क्षेत्र रोज दिवसभरात जेवढे खालीवर होते, तेही काही दशक नॅनोटेस्लांचेच. म्हणजे ट्राम सुरू झाल्यावर वहीत सूर्याची करामत नोंदली जाते आहे की ट्रामची, हे सांगता आले नसते.

दोन वर्षांचा सांधा

वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे पेच होता. शहराची ट्राम अडवता येत नव्हती. जागा बदलावी, तर साठ वर्षांची साखळी तुटणार होती, कारण दोन ठिकाणची क्षेत्रे कधीच तंतोतंत सारखी नसतात. त्यांनी मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग निवडले. कोकणातल्या काळ्या दगडात चुंबकीय खनिज असते, म्हणून बांधकामासाठी पोरबंदरचा दगड वापरला गेला आणि लोखंड टाळले गेले.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यांतून दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी वही नव्या वहीला जोडता आली. त्यानंतर कुलाब्याची चुंबकीय मापने थांबली. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. ती ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागच्या नोंदी मात्र चालू राहिल्या.

बोईसरच्या मुलाला उत्तर

आता फलाटावर परत येऊ. विरारच्या उत्तरेकडची तार प्रत्यावर्ती प्रवाहाची आहे. तिच्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, आणि तिच्याबरोबर क्षेत्राचीही. सुईला पूर्वेकडे ढकलावे तोच पश्चिमेकडचा धक्का येतो. जड सुई जागची हलत नाही. समजा तारेत २०० अँपिअरचा दिष्ट प्रवाह असता आणि सुई तिच्याखाली ४ मीटरवर असती, तर क्षेत्र १०,००० नॅनोटेस्ला भरले असते आणि उत्तर-दक्षिण तारेखालची सुई सहज पंधरा अंश वळली असती. पुस्तक खरेच आहे; सुई मंद आहे.

वर्गात हे दाखवायला एक सेल, वीतभर तार आणि होकायंत्र पुरे. तार उत्तर-दक्षिण ठेवून सुईवर धरा आणि क्षणभर जोडा: सुई वळेल. जास्त वेळ जोडल्यास सेल तापतो. मग तीच तार दुमडून जाणारा आणि येणारा भाग चिकटवून धरा: सुई जवळजवळ हलणार नाही. घरातल्या विजेच्या बोर्डाला मात्र या प्रयोगात हात लावू नये. शेवटी मुलांना विचारा, की वर्गाची फूटपट्टी बदलायची झाली, तर जुनी टाकण्यापूर्वी काय करावे? अलिबागची गोष्ट ज्यांना समजली, ती मुले दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवतील.