व्यापारनाम आणि कोशनोंद : 'कोसॅक', 'टेम्पो' व 'मिनिडोअर'

ज्ञानकोशात कशाची नोंद व्हावी आणि कशाची होऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता संपादकीय सोयीचा वाटतो. पाने मर्यादित, विषय अमर्याद. तेव्हा निवड अटळ, इतकेच त्यावर सांगून थांबण्याची प्रथा आहे. वस्तुतः हा प्रश्न चिन्हमीमांसेचा आहे आणि त्याहून अधिक इतिहासलेखनाचा आहे. नोंदीचे शीर्षक ठरविणे म्हणजे एखाद्या नामाला ज्ञानविषयाचा दर्जा देणे होय. व्यक्ती, स्थळ, ग्रंथ, प्राणी, धातू यांच्या बाबतीत हा दर्जा सहज मिळतो. व्यापारनामापाशी मात्र कोशकार अडखळतो. कारण ते धड विशेषनाम नसते आणि धड सामान्यनामही नसते.

एका परदेशी उदाहरणावरून प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होईल. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये सोव्हिएत मोटारसायकली 'कोसॅक' या नावाने विकल्या जात. या नावाचा कारखाना सोव्हिएत संघात कोठेही नव्हता. इर्बिटची 'उरल', कीव्हची 'नीपर', इझेव्हस्कची 'इझ', कोव्ह्रोवची 'वस्खोद' अशा भिन्न कारखान्यांच्या भिन्न यंत्रांवर आयातदाराने एकच नाव चढविले होते. त्या गाड्यांना सर्रास 'रशियन' म्हटले जाई. पण कीव्ह हे युक्रेनमधील शहर आहे. शिवाय 'उरल' आणि 'नीपर' यांची मूळ घडण बीएमडब्ल्यूच्या जर्मन आराखड्यावरून घेतलेली होती. म्हणजे देह जर्मन वळणाचा, जन्म सोव्हिएत संघातील, विक्री इंग्रजी बाजारपेठेत आणि नाव स्टेपीवरील घोडेस्वारांचे. अशा नामाची ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद करावी काय?

नकारार्थी उत्तर देणाऱ्याचा युक्तिवाद सरळ आहे. नाव ही वस्तू नव्हे; प्रत्येक कारखान्याची नोंद झाली की 'कोसॅक' या शब्दात सांगण्यासारखे काही शिल्लक उरत नाही. हा युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिलच्या भूमिकेशी जुळणारा आहे. मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनामाला निर्देश असतो, गुणार्थ नसतो, असे प्रतिपादन केले. 'कोसॅक'च्या बाबतीत मात्र याच्या उलट घडते. त्याला एक निश्चित निर्देश नाही, पण गुणार्थ विपुल आहे : रांगडेपणा, चिवटपणा, दूरदेशीची अनोळखी ऐट. हे नाव यंत्राविषयी थोडे सांगते. ग्राहकाच्या मनातील त्या देशाच्या चित्राविषयी पुष्कळ सांगते. ही माहिती इर्बिटच्या नोंदीत बसत नाही आणि कीव्हच्याही बसत नाही. ती राहू शकते ती फक्त 'कोसॅक' या शीर्षकाखाली.

येथून एक कसोटी हाती लागते. एखादी नोंद वगळली असता तिच्यातील ज्ञानाला दुसऱ्या नोंदीत आश्रय मिळतो काय? मिळत असेल तर निर्देश पुरे. मिळत नसेल, ते ज्ञान अनाथ होत असेल, तर नोंद आवश्यक. नामाची प्रसिद्धी, मालकाचे भांडवल, खपाचा आकडा यांपैकी कशावरही ही कसोटी अवलंबून नाही.

आयात देहाला स्थानिक नाव देण्याची रीत भारतालाही नवी नाही. एस्कॉर्ट्सची 'राजदूत' ही पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवरून घडली. म्हैसूरच्या कारखान्यातील चेकोस्लोव्हाकियन 'जावा' पुढे 'येझदी' झाली. मराठी बोलीने तर या सर्वांच्या आधीच 'फटफटी' हा ध्वन्यनुकारी शब्द घडविला होता. तथापि मराठीच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण उदाहरण मोटारसायकलीचे नसून तीनचाकीचे आहे. ते म्हणजे 'टेम्पो'.

हा शब्द मुळात इटालियन, त्यामागे लॅटिनमधील कालवाचक शब्द. संगीतात त्याचा अर्थ गती. हॅम्बुर्गच्या विडाल आणि पुत्र या पेढीने १९२०च्या दशकात आपल्या मालवाहू गाड्यांसाठी तो नाव म्हणून घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कारखान्याची 'हान्सिआट' ही तीनचाकी निघाली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि जर्मन परवान्याने हे वाहन भारतात तयार होऊ लागले. त्याच वर्षी भारतात व्यापारचिन्हांचा नवा कायदा संमत झाला. व्यापारनाम हे मालकाचे असते, ही त्या कायद्याची पायाभूत कल्पना; आणि तेच नाव वस्तूचे सर्वसामान्य नाव होऊन बसले की मालकाचा अनन्य हक्क धोक्यात येतो, ही त्या कल्पनेची मर्यादा.

'टेम्पो' या शब्दाने ही मर्यादा केव्हाच ओलांडली. पुढील काळात मराठीत कोणत्याही कंपनीच्या लहान मालवाहू गाडीला टेम्पो म्हणण्याचा प्रघात पडला. 'टेम्पोवाला', 'टेम्पोभाडे', 'टेम्पो भरणे', 'टेम्पो लावणे' असे प्रयोग रूढ झाले. हॅम्बुर्गच्या कारखान्याचे स्वतंत्र अस्तित्व १९६०च्या दशकात संपुष्टात आले आणि बजाज टेम्पोने २००५ साली 'फोर्स मोटर्स' असे नाव धारण केले. जन्मदात्याने नाव सोडले, पालकानेही सोडले. भाषेने मात्र ते सोडले नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळातील; या अर्थाचा 'टेम्पो' त्याच्या नंतरचा. शब्दकोश अर्थ देईल. पण हॅम्बुर्ग ते पुणे हा प्रवास, परवाना पद्धतीचे अर्थकारण आणि नाम मालकाच्या हातून निसटण्याची प्रक्रिया ही शब्दार्थात मावणारी नव्हे. उंबेर्तो एको याने शब्दकोश आणि ज्ञानकोश यांतील भेदच मुळात टिकाऊ नाही, प्रत्येक शब्दकोश हा प्रच्छन्न ज्ञानकोश असतो, असे दाखविले. 'टेम्पो' हे त्याचे घरचे उदाहरण होय.

हीच प्रक्रिया अधिक लहान भूगोलात पाहावयाची तर रायगड जिल्ह्याकडे वळावे लागते. या जिल्ह्यात, आणि अंतर्भागातील महाड-पोलादपूर हे तालुकेही त्यातच आले, प्रवासी तीनचाकीला 'विक्रम' किंवा 'मिनिडोअर' म्हणतात. ही दोन्ही व्यापारनामेच आहेत. 'विक्रम' लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचे. ही कंपनी १९७२ साली स्थापन झाली आणि मिलानच्या इनोचेंती कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री घेऊन तिने उत्पादन सुरू केले. २०२१ साली ती बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. 'मिनिडोर' हे बजाज टेम्पोचे. त्याच्या उत्तरपदात त्याच कंपनीच्या 'मॅटॅडोर'चा नाद ऐकू येतो. मराठी लेखनात मात्र त्याचे बहुधा 'मिनिडोअर' होते. 'डोअर' म्हणजे दार हा अर्थ त्या लेखनाने नावात आणून बसविला. मूळ नामात नसलेला अर्थ लोकव्युत्पत्तीने त्याला दिला आणि नाम परके राहिले नाही.

या दोन शब्दांमागे या भागाचा सामाजिक इतिहास आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. महामार्गावरील एस.टी. मुख्य गावे जोडते. फाट्यापासून वाडीपर्यंतचे अंतर पायी तरी तोडायचे किंवा अशा वाहनाने. बाजार, दवाखाना, शाळा, मुंबईहून येणारा चाकरमानी यांना जोडणारा हा शेवटचा दुवा आहे. तो 'तीनचाकी मोटारवाहन' अशा जातिवाचक शीर्षकाखाली घातला की यंत्राची माहिती मिळते आणि खोरे हरवते. 'विक्रम' या शीर्षकाखाली कंपनीचा वृत्तान्त दिला तर लखनौ मिळते. महाड मिळत नाही.

मराठी कोशपरंपरेची जडणघडण येथे ध्यानात घ्यावी लागते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित भांडवली कंपनी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले. म्हणजे मराठीतील पहिला मोठा ज्ञानकोश स्वतःच एका अर्थाने बाजारात उतरलेली वस्तू होता. त्यानंतरचा मराठी विश्वकोश शासनाच्या आश्रयाने आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी आणि पसरणीचा घाट उतरला की वाई येते. भौगोलिक अंतर इतके थोडे. परंतु फाट्यावर उभ्या असलेल्या वाहनाचे नाव आणि कोशाचे शीर्षक यांतील अंतर घाटांनी मोजता येत नाही. पोलादपूर कोशात येते ते कवींद्र परमानंदाच्या समाधीमुळे, उमरठ येते तानाजी मालुसऱ्यांमुळे. हे योग्यच आहे. प्रश्न इतकाच की आधीच इतिहास ठरलेल्या गोष्टींपुरताच इतिहास नोंदवायचा काय?

महाडनेच या प्रश्नाचे एक गंभीर उत्तर दिलेले आहे. 'चवदार तळे' हे नाव मुळात वर्णनपर. चवदार पाण्याचे तळे, इतकाच त्याचा शब्दार्थ. महाड नगरपालिकेने १९२४ साली ते अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरविले, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. अस्पृश्यांना तेथून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालीन असल्याचा प्रतिपक्षाचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली फेटाळला. एका वर्णनपर नामाचे मानवी हक्काच्या चिन्हात रूपांतर झाले. 'टेम्पो'चा प्रवास विशेषाकडून सामान्याकडे, तर 'चवदार तळे' या नामाचा सामान्याकडून विशेषाकडे. दोहोंच्या नैतिक वजनाची तुलना संभवत नाही आणि करूही नये. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे समान आहे : नामाचा अर्थ कागदावरील मालकीने वा ठरावाने ठरला नाही; तो वापरणाऱ्यांनी ठरविला. जो कोश केवळ कागद प्रमाण मानील त्याला १९२४चा ठराव सापडेल, १९२७चे पाणी सापडणार नाही.

व्यापारनामांच्या नोंदीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, कोश जाहिरातीचे साधन बनेल. हा आक्षेप नोंदीच्या अस्तित्वावर नसून तिच्या लेखनावर आहे. गुणवर्णन टाळून नामाचा इतिहास सांगितला तर जाहिरात होत नाही. उलट ज्या नामाला आता मालकच उरला नाही त्याची जाहिरात कोणासाठी होणार? दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. अशी नामे अल्पायुषी असतात. आज 'मिनिडोअर', तर टाटांच्या २००५ सालच्या 'एस'ला लोकांनी दिलेले 'छोटा हत्ती' उद्या आणखी काही होईल. परंतु अल्पायुषी असणे हे नोंद न करण्याचे कारण होऊ शकत नाही. ते वेळेवर नोंद करण्याचे कारण आहे. राजवंशांची नामे शिलालेख जपतात. वाहनतळावरील नाम वाहनाबरोबर मोडीत निघते आणि त्याचा दुसरा लेख उरत नाही.

वरील कसोटी लावली असता सर्वच व्यापारनामे कोशात शिरत नाहीत. वस्तूच्या जातिवाचक नोंदीत ज्याचा वृत्तान्त पूर्णपणे सामावतो अशा नामाला निर्देश पुरे. 'कोसॅक'ला लहानशी का होईना, स्वतंत्र नोंद हवी. कारण अनेक कारखान्यांना एका कल्पित प्रदेशात गोळा करण्याची घटना त्या नामाबाहेर कोठेच घडलेली नाही. 'टेम्पो'ला मराठी ज्ञानकोशात सविस्तर नोंद हवी, कारण त्या शब्दाचा उत्तरार्ध भारतीय भाषांत घडला आहे. जर्मन कोश फार तर त्याचा पूर्वार्ध देईल. 'विक्रम' आणि 'मिनिडोअर' यांचा रायगडमधील वृत्तान्त तर दुसऱ्या कोणत्याही भाषेचा कोश लिहिणार नाही. तो मराठीने लिहिला नाही तर तो लिहिला जाणार नाही.