चैत्रातले अंगण

सुगी आटोपली, होळीची राख थंड पडली आणि उन्हाला धार चढू लागली, की महाराष्ट्रातील घराचा कारभार माजघरातून उठून अंगणात येई. मृगाचा पाऊस पडेपर्यंत दोन-अडीच महिन्यांचा अवधी हाती असे. पावसाळ्यात जे करता यावयाचे नाही ते सारे याच दिवसांत उरकावयाचे: भिंती लिंपणे, जमिनी सारवणे, चुली नव्याने घालणे, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणे, वर्षाचे पापड-कुरडया वाळवणे. त्यातच चैत्रगौर बसे आणि कामाच्या त्या गर्दीत महिनाभर एका देवतेचा माहेरपणाचा मुक्काम पडे. वसंत ऋतू म्हटला की काव्यात कोकिळा आणि आम्रमंजरी येतात. घरातल्या बायकांच्या लेखी मात्र वसंत म्हणजे हाताला उसंत नसण्याचे दिवस होते.

इतिहासाच्या ग्रंथांत या अंगणाला जागा फारशी मिळालेली नाही. बखरींतून स्वाऱ्या आहेत, दप्तरांतून वसूल आणि वतनांचे कज्जे आहेत. पण ज्या कामाची मजुरी कोणी दिली नाही, त्याची नोंदही कोणी ठेवली नाही. त्यातून या कलेची सामग्रीच अशी, की तिने मागे काही ठेवू नये. दगडावरचा लेख हजार वर्षे टिकतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवरची रांगोळी दुसऱ्या दिवशीच्या सड्यापर्यंत टिकली तरी पुष्कळ.

प्रथम अंगण तयार करावे लागे, आणि हे काम वाटते तितके किरकोळ नव्हे. कोकणात पावसाने उखडलेले अंगण दरवर्षी नव्याने घालावे लागते. माती खणून, ढेकळे फोडून, पाणी शिंपून ती चोपण्याने चोप चोप चोपावयाची, मग शेणाने सारवावयाची, आणि वर खांब रोवून झावळ्यांचा मांडव घालावयाचा. देशावर मांडव नसला तरी सडा आणि सारवण चुकत नसे. शेणातील तंतूंनी मातीचा वरचा थर बांधला जातो आणि धूळ उडत नाही, हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. मिश्रण किती पातळ असावे, हे हाताला ठाऊक असे. सारवताना उमटलेली बोटांची अर्धवर्तुळे हीच त्या जमिनीवरची पहिली नक्षी.

तिच्यावर चैत्रांगण रेखाटले जाई. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि वैशाखातल्या अक्षय्यतृतीयेला तिचा निरोप होतो. त्या महिन्याभरात दारापुढे ही रांगोळी घालण्याची चाल आहे. पांढरपेशा घरांतून ती विशेष पाळली गेली. खानदेशात हीच गौर 'आखाजी'ला गौराई होऊन येते आणि सासुरवाशिणी तिच्या निमित्ताने माहेरी येऊन झोके घेतात. चैत्रांगण ठिपक्यांची रांगोळी नव्हे. ते मुक्त हाताने काढावयाचे चित्र आहे. वर आंब्याचे तोरण, मध्ये मखरात झोपाळ्यावर बसलेल्या गौरी, भोवती सूर्य-चंद्र, शंख-चक्र-गदा-पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती. त्यांच्याच पंक्तीला फणी, आरसा आणि कुंकवाचा करंडा! विष्णूची आयुधे आणि बाईची फणी एकाच मापाने एकाच अंगणात काढण्याचा हा समदर्शीपणा एरवी धर्मग्रंथांत सहसा आढळत नाही. देशावर ही रांगोळी शिरगोळ्याच्या पांढऱ्या दगडाची पूड करून होई. कोकणात भाताची तुसे जाळून. चिमूट तीच, पण रेघेचा पोत वेगळा.

जमिनीवर आकृती काढण्याची ही विद्या किती जुनी असावी? वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ आणि फुले यांनी आकृती मांडण्याची कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राचा उल्लेख केला आहे. म्हणजे भिंतीवरच्या रंगचित्राबरोबर जमिनीवरच्या पुडीच्या चित्रालाही राजाच्या ग्रंथात चित्र म्हणून मान मिळाला होता. पण ते काढणाऱ्या हाताविषयी जाणून घ्यावयाचे, तर वात्स्यायनाकडेच परत जावे लागते. त्याचा ग्रंथ लोक भलत्याच कारणासाठी चाळतात. त्यातील गृहिणीच्या वर्तनावरचे प्रकरण मात्र जणू परसातच बसून लिहिले आहे. गृहिणीने स्वच्छ केलेल्या जागेत हिरव्या भाज्यांचे वाफे करावेत, उसाची बेटे लावावीत, जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप यांची रोपे धरावीत, फुलझाडे लावावीत आणि बागेच्या मध्यभागी विहीर किंवा तळे खणवावे, असे तो सांगतो. बियाणे वेळेवर जमवून वेळेवर पेरण्याची जबाबदारीही तिचीच. अर्थात हे पुरुषाने स्त्रीला सांगितलेले आहे. तिने स्वतः काय सांगितले असते, ते कळावयास मार्ग नाही. तरी परसबाग हा घराच्या अर्थकारणाचा भाग होता आणि तिची सूत्रे बाईच्या हाती होती, एवढे यावरून दिसते.

वात्स्यायनाच्या बागेतले ते तळे बंगालच्या अंगणात एका लहानग्या रूपात भेटते. चैत्रसंक्रांतीपासून वैशाख संपेपर्यंत तेथील कुमारिका 'पुण्यिपुकुर' नावाचे व्रत करीत. अंगणात हातभर खड्डा खणून छोटेसे तळे करावयाचे, त्यात बेलाची किंवा तुळशीची डहाळी रोवावयाची आणि रोज पाणी घालावयाचे. ऐन उन्हाळ्यात, गावची तळी आटत असताना, मुली आपल्या तळ्याला पाणी पाजीत! चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'बांगलार व्रत' या पुस्तकात अशा व्रतांचा विचार केला. शास्त्रोक्त व्रते वेगळी आणि बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली व्रते वेगळी, असा भेद त्यांनी केला. बायकांच्या व्रतातील अल्पना, म्हणजे तेथील रांगोळी, ही मनातल्या इच्छेची आकृती आहे, असे त्यांचे म्हणणे. जे हवे ते जमिनीवर काढावयाचे. हा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे चैत्रांगणातील फणी, आरसा आणि करंडा यांचा उलगडा होतो. महाराष्ट्रातील रांगोळीला त्या काळी असा चित्रकार-भाष्यकार लाभता, तर कितीतरी घरांची चैत्रांगणे आज कागदावर पाहावयास मिळाली असती.

रांगोळी सकाळची. ऊन चढले की अंगणाचे दुसरे रूप सुरू होई. कुरडया करावयाच्या तर तीन दिवस गहू भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे. मग ते वाटून, चोथा पिळून काढून, खाली बसलेला चीक भल्या पहाटे शिजवावयाचा. तो घोटताना गुठळी झाली तर सारी मेहनत वाया जाई. गरम चीक सोऱ्यात भरून तो दाबणे हे एकटीचे काम नव्हे. म्हणून शेतातल्या सावडीप्रमाणे वाळवणाचीही सावड चाले: आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पापडाच्या लाट्यांवर डोळा ठेवून बसलेली मुले कावळे हाकलण्याच्या कामावर नेमलेली असत, आणि तीच कावळ्यांपेक्षा अधिक फस्त करीत. दुपार कलल्यावर वाकळा निघत. विटलेली लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवली की थंडीचे पांघरूण तयार. बंगालची कंथाही अशीच जुन्या साड्यांतून जन्मली. तिच्यासाठी दोराही साड्यांच्या काठांतून उसवून काढीत. वस्त्र फाटले म्हणून त्याचे आयुष्य संपले, असे मानण्याची चैन त्या घरांना परवडणारी नव्हती.

गौरीपुढच्या आराशीत मात्र हौसेला वाव असे. कलिंगडाची कमळे कोरलेली, मण्यांची तोरणे टांगलेली, चिंध्यांच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडलेल्या. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी घेऊन सुवासिनी घरोघर फिरत.

येथे या चित्राची काळी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. या हळदीकुंकवाला विधवेला स्थान नव्हते. एकोणिसाव्या शतकातील अनेक पांढरपेशा घरांतून दहा-बारा वर्षांच्या बालविधवा होत्या. त्या चीक घोटीत, पापड लाटीत, अंगण सारवीत. संध्याकाळी त्याच सारवलेल्या अंगणातून इतर जणी गौरीपुढे जात तेव्हा त्यांनी आत राहावयाचे. त्यांच्या कष्टाला घरात किंमत होती, मान नव्हता. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले, ते याच पार्श्वभूमीवर. रमाबाई १९०१ पासून स्वतः विधवा होत्या. सेवासदनात साक्षरतेबरोबर शिवणकाम आणि हस्तकौशल्यही शिकविले जाई. घरात फुकट राबणाऱ्या हाताला स्वतःचे पोट भरता यावे, एवढा साधा पण त्या काळी धाडसी विचार त्यामागे होता. वाकळीचा धावदोरा आणि शिवणवर्गातला टाका यांत कौशल्याचे अंतर थोडे होते. फरक होता तो मिळणाऱ्या पैशाचा.

पुढे अंगणच गेले. मुंबईच्या चाळीत अंगणाच्या जागी गॅलरी आली, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि वाळवण गच्चीवर चढले. १५ मार्च १९५९ रोजी, म्हणजे वाळवणाच्या ऐन दिवसांत, मुंबईतील गिरगावात अशाच एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लिज्जत पापडाचा तो आरंभ. पोळपाट-लाटणे तेच, सावडही एका अर्थी तीच; पण या वेळी लाटणाऱ्या बायका मालक होत्या आणि लाटल्याचा मोबदला त्यांच्या हाती पडत होता.

त्याआधी सात वर्षे, १९५२ साली, 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली होती. खानदेशातील या शेतकरी स्त्रीला लिहितावाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता तिने रचलेली गाणी घरातल्यांनी उतरवून घेतली. १९५१ साली तिच्या निधनानंतर मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि त्यांच्या आग्रहाने ती छापली गेली. गाणे निदान ऐकून उतरवून घेता येते. तिच्या पिढीतील बायकांनी अंगणात जे रेखाटले, ते उतरवून घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. ते पाठ होते, आणि पाठ आहे म्हणूनच लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

शहरातील सदनिकांतून आज चैत्रगौर पितळेच्या टीचभर झोपाळ्यावर टेबलावर बसते. कुरडया दुकानातून येतात. चैत्रांगणाचे छापील कागदही बाजारात मिळतात. ते चिकटविले की काम भागते. काही घरांतून मात्र पाटावर गेरू फासून अजून हातानेच ते काढले जाते. पाटाची लांबी पुरत नाही म्हणून हत्ती गळतो, कधी गदा गळते. झोपाळा, तुळस आणि फणी सहसा राहतात. अक्षय्यतृतीया झाली की पाट ओल्या फडक्याने पुसून पुन्हा माळ्यावर जातो.