उजवा हात आणि दक्षिण दिशा

संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे एक दिशा आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवाही. ‘पूर्व’ म्हणजे समोरचे, आधीचे. ‘पश्चिम’ म्हणजे मागचे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाने दिशांना दिलेली ही नावे आहेत. देवाला उजवीकडे ठेवून घालतात ती प्रदक्षिणा, आणि आपल्या दख्खनचे नावही याच शब्दातून आले. दिशा आधी अंगाशी बांधल्या गेल्या, मग जमिनीशी. लहान मुलांना गणितात स्थान आणि दिशा शिकवताना हाच क्रम हवा. भिंतीवरच्या नकाशाने तो मोडला. उत्तर ‘वर’ गेली, दक्षिण ‘खाली’ आली. वास्तविक तो निव्वळ संकेत. अल्-इद्रिसीने 1154 मध्ये सिसिलीच्या राजासाठी केलेल्या नकाशात दक्षिण वर आहे, तर मध्ययुगीन युरोपातल्या अनेक जगनकाशांत पूर्व. नकाशापासून सुरुवात करणारे मूल या संकेतालाच दिशा समजून बसते.

यावर कोणी म्हणेल, लहानांचे डावे-उजवेच पक्के नसते, तिथे पूर्व-पश्चिम कशाला? स्वतःचा उजवा हात ओळखणारे मूलही समोरच्याचा उजवा हात सांगताना साधारण 8 वर्षांचे होईपर्यंत चुकते, हे झाँ पियाजे यांनी 1920च्या दशकात नोंदवले. पण ही अडचण दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची आहे. सगळा वर्ग पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला की ती उरत नाही. सर्वांचे उजवे हात दक्षिणेलाच येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सूर्य रोज नेमका पूर्वेला उगवत नाही. 21 जूनच्या सुमारास मुंबईत तो पूर्वेपासून सुमारे 25 अंश उत्तरेकडे उगवतो. यज्ञवेदी आखणाऱ्यांचे काम अशा अंदाजावर भागणारे नव्हते. म्हणून कात्यायन शुल्बसूत्रात रीत दिली आहे: सपाट जमिनीत शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायचा, त्याच्याच लांबीच्या दोरीने भोवती वर्तुळ काढायचे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुंट्या ठोकायच्या. त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेषा ती प्राची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. सूर्योदयाने दिलेला अंदाज भूमितीने असा दुरुस्त होतो, आणि मुलांना तो दुरुस्त करू देणे हाच गणिताचा धडा.

त्याला पटांगण, काठी, दोरी आणि दोन खुंट्या पुरतात. त्यानंतरच नकाशा काढावा, आणि तोही भिंतीवर टांगण्याआधी एकदा त्या रेषेशी जुळवून जमिनीवर पसरावा.