छावणी उठते, जागा राहते

ज्याचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले, त्याला राहत्या जागांविषयी एक वेगळीच आस्था असते. प्रस्तुत लेखकास दिल्लीत येऊन आता बरीच वर्षे झाली. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना किल्ले व बागा दाखवून आणणे, हा येथील प्रत्येक मराठी घराचा जणू कुळाचारच आहे. त्या फेऱ्यांतून एक गोष्ट ध्यानी आली. वास्तू कोणी बांधली, हे पाटी आवर्जून सांगते; पण नंतर तेथे कोण राहिले, याविषयी ती बहुधा मौनच पाळते.

पुराना किल्लाच घ्या. हुमायूनने 1533 साली येथे ‘दीनपनाह’ नगराचा पाया घातला. 1540 मध्ये राज्य गेले आणि पुढचे बांधकाम शेरशहाने केले. हुमायून परतला तो 1555 साली. पण पुढच्याच वर्षी येथील शेरमंडलाच्या पायऱ्यांवरून पडून त्याचा अंत झाला. एवढे आपण पाहुण्यांना सांगतो. परंतु बादशाही संपल्यावर याच तटांच्या आत इंदरपत नावाचे गाव नांदत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. नव्या राजधानीच्या उभारणीत, 1913-14च्या सुमारास, ते गाव उठविण्यात आले. पुढे उत्खननात मौर्यकाळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. म्हणजे गाव उठविणे आणि पुन्हा वसविणे ही या टेकडीची जुनीच रीत म्हणावयाची.

दुसऱ्या महायुद्धात येथे जपानी नागरिकांना स्थानबद्ध केले गेले. मग 1947चा सप्टेंबर उजाडला. दंगलींनी होरपळलेल्या दिल्लीतील मुसलमान कुटुंबे हजारोंनी या तटांच्या आश्रयाला आली. तशीच ती हुमायूनच्या मकबऱ्यातही शिरली. त्यांत पाकिस्तानचा विकल्प दिलेले सरकारी कर्मचारीही होते. आम्हा कचेरीतल्या माणसांनी येथे क्षणभर थांबावे. काल ज्यांनी शेजारच्या मेजावर फायली हाताळल्या, ते आज उघड्या आकाशाखाली, पाणी व छप्पर यांच्या टंचाईत, गाडीची वाट पाहत बसले होते. ते गेले आणि पश्चिम पंजाबातून घरदार गमावून आलेल्या हिंदू व शीख निर्वासितांनी त्याच किल्ल्यात आसरा घेतला. दोन्ही बाजूंचे दुःख एकाच तटाने पाहिले. आज बाहेरच्या तलावाकाठी मुले आनंदाने खेळतात, शेजारी 1959 साली सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आहे. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी 1970च्या दशकात ‘तुघलक’ या नाटकासाठी हेच भग्न तट रंगमंच म्हणून वापरले. राजधानी हलविताना प्रजेची झालेली परवड जेथे रंगली, तेथेच ती प्रत्यक्षात घडून गेली होती.

उत्तर दिल्लीतील दरबाराच्या मैदानाची कथाही अशीच. 1877, 1903 व 1911 असे तीन दरबार तेथे भरले. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणाही तेथलीच. तंबू उठले, पण शेजारच्या वस्तीला किंग्जवे कॅम्प हे नाव चिकटले; 1947 नंतर तो कॅम्प निर्वासितांचा झाला. आणि इंडिया गेटजवळच्या छत्रीतून 1968 साली काढलेला पंचम जॉर्जचा पुतळा अखेर त्याच दरबाराच्या मैदानावर जाऊन उभा राहिला. काळाचा न्याय कधीकधी असा मिस्कील असतो!

आता आपल्या जिव्हाळ्याची जागा. 1737 साली थोरले बाजीराव मोगली फौजांना हुलकावणी देऊन दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले. परंपरेने त्यांच्या छावणीशी ज्या परिसराचे नाव जोडले जाते, तो तालकटोरा. राजधानी जाळण्याचा विचार मनात येऊनही मर्यादा राखणेच श्रेयस्कर ठरविले, असे त्यांनी चिमाजीअप्पांना पत्रातून कळविले होते. पुढे त्या परिसरात बाग झाली, 1982च्या आशियाई क्रीडास्पर्धांत जलतरण झाले. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तेथील स्टेडियमात 98वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. 1954च्या दिल्ली संमेलनानंतर मराठी सारस्वतांचा मेळा राजधानीत पुन्हा भरला, तो 71 वर्षांनी. छावणीच्या जागी ग्रंथांचे गाळे लागले, याहून समाधानाचा बदल कोणता?

जागेने रूप बदलावे, यात वावगे काही नाही. इंदरपत उठले नसते, तर किल्ल्याच्या पोटातला इतिहास कदाचित आपल्या हाती लागला नसता; मात्र जे उठविले गेले त्यांची आठवण कोणी लिहून ठेवली नाही, तर तो त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो.

आपल्या मंडळालाही हेच लागू पडते. पन्नास वर्षांत आपला गणपती कधी शाळेच्या पटांगणात, कधी वसाहतीच्या बागेत, कधी उसन्या सभागृहात बसला. मांडव उठला की दुसऱ्या दिवशी तेथे मुले क्रिकेट खेळत. पहिल्या मांडवाचे खांब रोवणारे हात आता थोडेच उरले आहेत. म्हणून कार्यकारिणीस नम्र विनंती की, प्रत्येक जुन्या सभासदाकडून अर्धे पान तरी लिहून घ्यावे: आपण कोठून आलो, कोठे जमलो, कोण सोडून गेले. जमीन आपल्या नावाची नाही, उद्या राहणारही नाही; आठवण जपणे मात्र आपल्याच हाती आहे.