लोखंड द्या, तांबं घ्या

मोरचूद म्हटलं की द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण आठवतं आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवून ठेवला, की थोड्याच वेळात त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो. लोखंड विरघळतं आणि पाण्यातलं तांबं बाहेर येतं. खाणीच्या सांडपाण्यातून तांबं मिळवण्याचा उद्योग या अदलाबदलीवरच उभा राहिला.

ही विद्या जुनी आहे. अकराव्या शतकातल्या शेन क्वो या चिनी विद्वानाने एका डोंगरातल्या कडू झऱ्याची नोंद केली आहे. त्याचं पाणी आटवलं की तांबं मिळे आणि ज्या लोखंडी कढईत ते आटवत, ती कढईही कालांतराने तांब्याची होई! सोंग राजवटीला नाण्यांसाठी तांबं हवंच होतं. त्यामुळे लोखंडाचे पातळ पत्रे अशा पाण्यात बुडवून तांबं काढण्याचं काम तिथे मोठ्या प्रमाणावर चाले.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं ब्यूट हे गाव असंच तांब्यावर वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या तारांसाठी तांब्याची मागणी वाढत होती. खाणीतल्या गंधकयुक्त खनिजांना हवा आणि पाणी लागलं, की गंधकाम्ल तयार होतं. ते खडकातलं तांबं विरघळवून घेतं. उपसून बाहेर काढलेलं हे पाणी भंगार लोखंडावरून, अगदी पत्र्याच्या रिकाम्या डब्यांवरूनही, सोडलं जाऊ लागलं. तळाशी तांब्याचा गाळ साचे आणि तो भट्टीत जाई. टाकाऊ पाणी आणि टाकाऊ लोखंड यांतून पैसा उभा राहिला.

पण तांबं काढून घेतल्यावर पाण्याचं काय? त्यात आम्ल राहतं, आर्सेनिक, कॅडमियम, जस्त राहतं. वर विरघळलेल्या लोखंडाची भर पडते. ब्यूटमध्ये १९५५ साली बर्कली पिट ही उघडी खाण सुरू झाली. १९८२ साली उपसा थांबवला गेला आणि सुमारे ५४० मीटर खोल खड्डा आम्लाच्या पाण्याने भरू लागला. १९९५ साली त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. पुढे काही वर्षं, २०१३पर्यंत, त्या पाण्यातून तांबं काढलं जाई आणि उरलेलं पाणी पुन्हा खड्ड्यातच सोडलं जाई. २०१६ साली पुन्हा हजारो हंस दगावले. चुना घालून शुद्ध केलेलं या खड्ड्याचं पाणी ओढ्यात सोडायला २०१९ साल उजाडावं लागलं.

आता या पाण्यातल्या दुर्मिळ मृदा धातूंकडेही संशोधकांचं लक्ष गेलं आहे. ते जरूर काढावेत. मात्र हजार वर्षांचा हा इतिहास एक गोष्ट बजावून सांगतो. धातूला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून तो पाण्यातून बाहेर निघतो. उरलेल्या विषाला गिऱ्हाईक नसतं. म्हणून त्याचा खर्च कोण करणार, हे खाणीचं पहिलं कुदळ पडण्याआधीच ठरलं पाहिजे.