कॉम्प्युटरला रिमोट : कोणता घ्यावा, कसा जोडावा आणि ताबा कोणाकडे ठेवावा

दिग्रस : टीव्हीचा रिमोट आता घरोघरी आहे. घरच्या कॉम्प्युटरलाही तसाच बिनतारी रिमोट लावता येतो, हे मात्र अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. शाळेत कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडलेला असतो आणि दर पानाला गुरुजींना उठून माऊसपर्यंत जावं लागतं. घरी लग्नाचा व्हिडिओ लावला, की थांबवायला कोणाला तरी उठावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर टेबलापर्यंत पोचताच येत नाही. अशा ठिकाणी रिमोट कामाचा आहे. तो घेताना, जोडताना आणि वापरताना काय पाहावं, त्याची ही माहिती.

रिमोट नेमकं करतो काय?

कॉम्प्युटरच्या लेखी रिमोट म्हणजे छोटा कीबोर्ड. पान पुढे नेण्याचं बटण दाबलं, की कीबोर्डवरचं ‘पेज डाऊन’ दाबल्यासारखा संदेश कॉम्प्युटरला मिळतो. मागचं बटण म्हणजे ‘पेज अप’. सादरीकरण सुरू करायचं बटण म्हणजे बहुतेक वेळा ‘एफ५’, आणि पडदा काळा करायचं बटण म्हणजे ‘बी’ किंवा पूर्णविराम. म्हणूनच साध्या रिमोटला वेगळी सीडी किंवा सॉफ्टवेअर लागत नाही. जे काम कीबोर्डच्या एका बटणावर होतं, ते रिमोटवर होतं. कीबोर्डने जे होत नाही, ते रिमोटनेही होत नाही.

चार प्रकार

पहिला प्रकार इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा. यात डोळ्याला न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि समोरचा डोळा तो वाचतो. कॉम्प्युटरला असा डोळा सहसा नसतो, तो वेगळा यूएसबीला लावावा लागतो. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली, तिच्यासोबत असा रिमोट आणि डोळा मिळायचा. २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकलं गेलं. त्यामुळे जुना रिमोट कोणी स्वस्तात देत असेल, तर आधी चालवून पाहावा.

दुसरा प्रकार डोंगलवाला. नखाएवढं डोंगल यूएसबीला लावायचं, रिमोट हातात घ्यायचा, काम सुरू. हा रेडिओ लहरींवर चालतो, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. भारतात हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. रिमोट कॉम्प्युटरच्या दिशेनेच धरला पाहिजे, असं काही नाही.

तिसरा प्रकार ब्लूटूथचा. यात डोंगल लागत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ पाहिजे. लॅपटॉपमध्ये ते असतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसतं.

चौथा प्रकार म्हणजे हातातला मोबाईलच. घरच्या वायफायवरून तो कॉम्प्युटरचा रिमोट होतो. वेगळा खर्च नाही.

सादरीकरणाला आणि शाळेला डोंगलवाला रिमोट सगळ्यात सोपा. सिनेमे, गाणी यांना मोबाईल पुरतो. पडद्यावरचा बाण हवेत हात हलवून फिरवायचा असेल, तर ‘एअर माऊस’ नावाचा रिमोट मिळतो. बाणासोबत छोटा कीबोर्डही त्यावर असतो.

ही कल्पना जुनीच

तार न जोडता लांबची वस्तू चालवायची खटपट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये छोटी बोट रेडिओवर चालवली. टीव्हीसाठी झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी १९५५ मध्ये प्रकाशावर चालणारा बिनतारी रिमोट बनवला. पण खिडकीतून ऊन पडलं, तरी चॅनल बदलायचं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा ध्वनीवर चालणारा रिमोट आला. आजचा इन्फ्रारेड रिमोट त्यानंतरचा.

डोंगलवाला रिमोट जोडायची रीत

रिमोटच्या पाठीमागचं झाकण काढलं, की सेलच्या जागेजवळच डोंगल ठेवायचा खाचा असतो. आधी तिथे पाहावं. बरेच जण डोंगल मिळालंच नाही म्हणून दुकानात परत जातात आणि ते आतच असतं. सेल घालताना अधिक-उणेच्या खुणा पाहाव्यात. डोंगल यूएसबीला लावल्यावर कॉम्प्युटर ते ओळखायला थोडा वेळ घेतो, तोवर बटणं दाबत बसू नये. रिमोटच्या बाजूला चालू-बंदची कळ असेल, तर ती चालू करावी.

काम झालं की डोंगल पुन्हा खाचात ठेवावं. बऱ्याच रिमोटची जोडी त्यांच्याच डोंगलशी असते. डोंगल हरवलं, तर चांगला रिमोटही निकामी होतो. शाळेत तर हे काम एका ठरावीक माणसाकडेच द्यावं.

मोबाईलचा रिमोट करायचा असेल तर

मोबाईल आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर पाहिजेत. घरी राउटर नसेल, तर मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून कॉम्प्युटर त्याला जोडावा. रिमोटच्या कामाला इंटरनेट लागत नाही, म्हणून मोबाईल डेटा बंद ठेवावा. बहुतेक फोनवर डेटा बंद असला तरी हॉटस्पॉट चालतो. डेटा सुरू राहिला, तर विंडोज मागच्या मागे अपडेट ओढतं आणि दिवसाचा पॅक संपतो.

व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर ज्यांच्याकडे आहे, त्यांना वेगळं ॲपही लागत नाही. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये खाली डाव्या बाजूला ‘ऑल’ निवडावं. ‘इंटरफेस’मधल्या ‘मेन इंटरफेसेस’मध्ये ‘वेब’वर खूण करावी आणि त्याच्याच खालच्या ‘लुआ’मध्ये पासवर्ड टाकावा. व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडावा. विंडोजने परवानगी विचारली, तर फक्त घरच्या खाजगी नेटवर्कसाठी द्यावी. मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, त्यापुढे विसर्गचिन्ह आणि ८०८० टाकावं. नाव विचारलं तर ती जागा रिकामी सोडावी, फक्त पासवर्ड टाकावा. आयपी पत्ता पाहायला कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत टाइप करावा.

पूर्ण कॉम्प्युटर चालवायचा असेल, तर ‘केडीई कनेक्ट’ हे फुकट ॲप आहे. ते मोबाईलमध्येही घ्यावं लागतं आणि कॉम्प्युटरमध्येही. मोबाईलचा पडदा मग माऊसच्या पट्टीसारखा चालतो.

रिमोट चालत नसेल तर

आधी सेल बदलून पाहावा. इन्फ्रारेड रिमोट असेल, तर मोबाईलचा कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरून बटण दाबावं. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला, तर रिमोट ठीक आहे, दोष डोळ्यात किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. काही फोनचा मागचा कॅमेरा हा उजेड गाळतो, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याने पाहावं.

डोंगलवाला रिमोट अडखळत असेल, तर डोंगलची जागा पाहावी. सीपीयूच्या मागच्या बाजूला लावलेलं डोंगल पत्र्याच्या आड जातं. ते पुढच्या बाजूला लावावं, नाहीतर यूएसबीची छोटी वायर जोडून वर आणावं. निळ्या यूएसबी ३ च्या जागेत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल, तर तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीत मिसळतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच हे मांडलं होतं. डोंगल त्यापासून दूर लावलं, की फरक पडतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात टिनाच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. अशा खोलीत महिनोन्महिने पडलेल्या रिमोटमधला सेल गळतो आणि पट्ट्या गंजतात. सुट्टी लागताना शाळेच्या रिमोटमधले सेल काढूनच ठेवावेत.

रिमोटने बंद कॉम्प्युटर सुरू होईल, अशी अपेक्षा धरू नये. टीव्ही बंद दिसला तरी त्याचा डोळा जागा असतो. कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, की डोंगल सहसा कामाचं राहत नाही. झोपवलेला, म्हणजे ‘स्लीप’मधला कॉम्प्युटर मात्र काही वेळा बटण दाबल्यावर उठतो. लाईट जाऊन आली, तर बहुधा पुन्हा हातानेच सुरू करावा लागतो.

अंथरुणावरच्या माणसासाठी

अर्धांगवायू, मणक्याची इजा किंवा संधिवात असलेल्या माणसाला माऊस पकडणं जड जातं. त्याच्यासाठी मोठ्या बटणांचा रिमोट घ्यावा. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोजची खूण आणि ‘ओ’ ही तीन बटणं एकत्र दाबली, की पडद्यावरच कीबोर्ड उघडतो. विंडोजची खूण आणि अधिकचं चिन्ह दाबलं, की अक्षरं मोठी होतात. मोबाईलच्या गुगल कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येतं. तो मजकूर कॉपी करून केडीई कनेक्टने कॉम्प्युटरकडे पाठवला, की पडल्या पडल्या अर्जसुद्धा लिहून होतो. प्रत्येक गोष्टीला घरच्यांना हाक मारावी लागत नाही, हे त्या माणसासाठी लहान नाही.

दोन धोके घरातले

पातळ रिमोटमध्ये नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. मूल रडेलच असं नाही. शंका आली तरी उलटी करवू नये, शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नये, सरळ दवाखाना गाठावा आणि एक्स-रे काढायला सांगावं. घरात लहान मूल असेल, तर झाकणाला स्क्रू असलेलाच रिमोट घ्यावा. वापरलेला सेलही उघड्यावर टाकू नये.

सादरीकरणाच्या रिमोटला लेझरचा लाल ठिपका असतो. तो डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते. शाळेत रिमोट पोरांच्या हाती खेळायला देऊ नये. घेताना ‘क्लास २’ आणि १ मिलीवॅटपेक्षा कमी, असं लिहिलेलं पाहून घ्यावं.

वावरातला रिमोट वेगळा

मोटरपंपाचा मोबाईल स्टार्टर हाही रिमोटच. घरातला रिमोट एका खोलीपुरता चालतो. स्टार्टरमध्ये सिमकार्ड असतं, म्हणून दिग्रसमध्ये बसून दहा कोसांवरची मोटर सुरू करता येते. रात्रीच्या लाईटीत वावरात जाणं वाचतं, साप-विंचवाची भीती कमी होते. पण जो रिमोट दाबतो त्याला समोरचं दिसत नाही, हे विसरू नये. विहिरीवर कोणी वायर खोलून बसला असेल आणि घरून दुसऱ्याने मोटर सुरू केली, तर जीव जातो. दुरुस्तीआधी मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत आणि घरी फोन करून सांगावं. मोटर ‘ऑटो’वर असेल, तर लाईट आल्याबरोबर ती आपोआप सुरू होते, हेही ध्यानात ठेवावं.

रिमोट परक्याच्या हाती देऊ नका

रिमोटचा आणखी एक प्रकार आहे, तो दिसत नाही. एनीडेस्क, टीमव्ह्युअर अशी ॲप बाहेरगावी बसलेल्या माणसाला आपला कॉम्प्युटर किंवा मोबाईल चालवू देतात. ती चांगल्या कामासाठी बनली आहेत. पुण्यातला मुलगा दिग्रसमधल्या बापाचा प्रिंटर त्यावरून नीट करतो. पण हेच ठग वापरतात. लाईट बिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन कटणार, केवायसी संपली, विम्याचे पैसे अडकले, अशी भीती दाखवून ॲप घ्यायला लावतात. मग पडद्यावर दिसणारा आकडा विचारतात. तो आकडा सांगून पुढची परवानगी दिली, की रिमोट त्यांच्या हाती जातो. ओटीपीही त्यांना दिसतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

असं झालं, तर आधी इंटरनेट तोडावं, डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करावं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवावं आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार द्यावी. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली, तर ते रोखता येतात. लाजेपायी रात्रभर गप्प बसलं, तर ठगाचंच काम सोपं होतं.

बिनतारी कीबोर्ड-माऊसबद्दलही एक सावधगिरी. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की काही कंपन्यांच्या डोंगलला लांबूनही खोटी बटणं पाठवता येतात. बँकेचं किंवा सेतू केंद्राचं काम ज्या कॉम्प्युटरवर चालतं, तिथे वायरचा कीबोर्ड बरा. काम नसताना डोंगल काढून ठेवावं आणि कॉम्प्युटर सोडून उठताना विंडोजची खूण आणि ‘एल’ दाबून कुलूप लावावं.

रिमोट घेताना दुकानातच सेल घालून, आपल्याच लॅपटॉपवर, दहा पावलं मागे जाऊन चालवून पाहावा आणि पक्कं बिल घ्यावं.