‘काम थांबवा’ म्हणण्याचा अधिकार : समुद्रातील तेल-उत्खनन, खर्चकपात आणि कामगारांची सुरक्षितता (१९६५–२०२१)

प्रस्तावना

जमिनीवरील कारखान्यात आग लागली तर कामगार दारातून बाहेर पडून रस्त्यावर येतो. समुद्रातील तेल-उत्पादनाच्या प्लॅटफॉर्मवर असा रस्ता नसतो. तेथे कामाची जागा, झोपण्याची जागा आणि हजारो पिंपे तेल व वायू वाहून नेणाऱ्या नळ्या एकाच लोखंडी सांगाड्यावर असतात आणि चहूबाजूंनी पाणी असते. त्यामुळे धोका ओळखून वेळीच काम थांबवणे हाच तेथील कामगाराच्या संरक्षणाचा खरा मार्ग ठरतो. परंतु काम थांबवले की उत्पादन थांबते आणि उत्पादनाच्या प्रत्येक तासाची किंमत कंपनीच्या हिशेबवहीत मांडलेली असते. टळलेल्या अपघाताची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. खर्चकपात आणि सुरक्षितता यांच्यातील संघर्षाचे मूळ या विषमतेत आहे.

सागरी दुर्घटनांची चर्चा बहुधा एखाद्या नादुरुस्त झडपेपाशी किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या चुकीपाशी येऊन थांबते. काम थांबवण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाच्या हाती होता आणि त्याच्यावर देखरेख करणारी यंत्रणा कोणाला उत्तरदायी होती, हा प्रश्न प्रस्तुत लेखात केंद्रस्थानी ठेवला आहे. त्यासाठी उत्तर समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि मुंबई हाय या तीन क्षेत्रांतील घटनांचा क्रमाने विचार केला आहे.

उत्तर समुद्रातील घाई आणि १९८० चे भिन्नमत

ब्रिटनच्या हद्दीत उत्तर समुद्रामध्ये नैसर्गिक वायूचा पहिला साठा १९६५ मध्ये ‘सी जेम’ या रिगने शोधला. त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी ही रिग कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. या घटनेच्या चौकशीनंतर १९७१ मध्ये सागरी आस्थापनांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने परिस्थिती पालटली. परकीय चलनाच्या विवंचनेत असलेल्या ब्रिटिश सरकारला तेल शक्य तितक्या लवकर किनाऱ्यावर आणायचे होते आणि कंपन्यांनाही गुंतवणूक लवकर वसूल करायची होती. डब्ल्यू. जी. कार्सन या अभ्यासकाने १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या घाईची मीमांसा केली. उत्तर समुद्रातील अपघातांना निसर्गाच्या रौद्रतेपेक्षा सर्वसामान्य स्वरूपाची, टाळता येण्याजोगी कारणे होती, असे त्याचे प्रतिपादन होते.

या काळात तेल-उत्पादनाला चालना देणे आणि तेल-कामगारांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणे ही दोन्ही कामे ब्रिटनच्या ऊर्जा खात्याकडेच होती. या व्यवस्थेचा विचार करणाऱ्या बर्गोइन समितीने १९८० मध्ये अहवाल दिला आणि जबाबदारी ऊर्जा खात्याकडेच राहू द्यावी, असे बहुमताने सुचवले. मात्र समितीतील कामगार संघटनांच्या दोन सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. जमिनीवरील कारखान्यांची सुरक्षितता पाहणाऱ्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या स्वतंत्र यंत्रणेकडेच समुद्रातील कामही सोपवावे, असे त्यांचे म्हणणे होते. उत्पादन वाढवणारा आणि उत्पादन थांबवू शकणारा हात एकच असू नये, हे त्यामागील तत्त्व होते. सरकारने बहुमत स्वीकारले आणि भिन्नमत अहवालाच्या पानांत राहिले.

त्याच वर्षी २७ मार्च रोजी नॉर्वेच्या हद्दीत ‘अलेक्झांडर एल. कीलंड’ हा तरंगता निवासी प्लॅटफॉर्म उलटून १२३ जण मृत्युमुखी पडले होते. १५ फेब्रुवारी १९८२ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळ ‘ओशन रेंजर’ ही रिग वादळात बुडाली. तिच्यावरील सर्वच्या सर्व ८४ जणांना प्राण गमवावे लागले.

पायपर अल्फा : ६ जुलै १९८८

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या ईशान्येस सुमारे १९० किलोमीटरवर असलेल्या ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. चालक कंपनी ऑक्सिडेंटल होती. मूळ रचना तेलासाठी होती. वायूवर प्रक्रिया करणारी यंत्रसामग्री नंतर बसवण्यात आली. आग रोखणाऱ्या भिंती होत्या, तथापि त्या स्फोटाचा दाब सहन करण्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. १९८६ मध्ये जागतिक बाजारात तेलाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले आणि उत्तर समुद्रातील कंपन्यांनी सर्वत्र खर्चाला कात्री लावली. प्लॅटफॉर्मवरील बहुतेक कामगार कंत्राटदारांचे होते. त्यांच्या नावापुढे ‘पुन्हा आवश्यकता नाही’ असा शेरा पडला की समुद्रावरील काम मिळणे अवघड होई. सुरक्षिततेविषयी तक्रार करणाऱ्याला ही भीती सतत असे.

६ जुलै १९८८ रोजी द्रवरूप वायू पुढे ढकलणाऱ्या दोन पंपांपैकी एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि तिच्या जागी केवळ एक झाकण बसवले होते. कामाच्या परवान्यावर तशी नोंद होती. परंतु पाळी बदलताना ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. उत्पादन थांबू नये म्हणून पहिला पंप सुरू करण्यात आला, वायू गळू लागला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. समुद्राचे पाणी खेचणारे अग्निशामक पंप पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी स्वयंचलित स्थितीतून काढून ठेवलेले होते. ते हाताने सुरू करण्यासाठी कोणालाही तेथपर्यंत जाता आले नाही.

यानंतर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ‘टार्टन’ आणि ‘क्लेमोर’ हे शेजारचे प्लॅटफॉर्म नळ्यांनी पायपरशी जोडलेले होते. पायपरवर आग लागल्याचे दिसत असूनही त्यांनी उत्पादन तत्काळ थांबवले नाही. सुमारे वीस मिनिटांनी टार्टनकडून येणारी वायूची नळी फुटली आणि आग आटोक्याबाहेर गेली. निवासी भागात जमलेले कामगार हेलिकॉप्टरची व आदेशाची वाट पाहत राहिले. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून मरण पावले. जे वाचले, त्यांतील बहुतेकांनी आदेशाची वाट न पाहता समुद्राचा आसरा घेतला होता. एकूण १६७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बचावकार्य करणारे दोन जणही होते. जिवंत राहिले ते अवघे ६१.

लॉर्ड कलन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १९८७ मध्ये याच प्लॅटफॉर्मवर एका कामगाराचा अपघाती मृत्यू झाला होता. त्या वेळीही कामाचा परवाना आणि पाळी बदलतानाची माहिती यांतील त्रुटी समोर आल्या होत्या आणि कंपनीने न्यायालयात दोष मान्य केला होता. तरीही पद्धत बदलली नाही. ऊर्जा खात्याच्या निरीक्षकाने दुर्घटनेच्या काही दिवस आधी, जून १९८८ मध्ये, प्लॅटफॉर्मची पाहणी केली होती. तीत यांपैकी काहीच आढळले नव्हते. कलन यांनी ही तपासणी वरवरची ठरवली. त्यांनी १०६ शिफारशी केल्या. प्रत्येक चालकाने आपल्या आस्थापनेतील धोके व त्यांवरील उपाय यांचे सविस्तर निवेदन सादर करून मान्य करून घ्यावे, आणि देखरेखीचे काम ऊर्जा खात्याकडून काढून ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’कडे द्यावे, या त्यांतील प्रमुख शिफारशी होत. दोन सदस्यांनी १९८० मध्ये मांडलेले भिन्नमत अशा रीतीने १९९१ मध्ये शासकीय धोरण बनले. दरम्यान १६७ माणसे गेली होती. ऑक्सिडेंटलवर फौजदारी खटला मात्र झाला नाही.

या सुधारणेमागे कामगारांचा दबावही होता, हे नोंदवणे अगत्याचे आहे. १९८९ मध्ये उत्तर समुद्रातील कामगारांनी स्वतःची समन्वय समिती स्थापन केली. १९८९ आणि १९९० च्या उन्हाळ्यांत त्यांनी संप केले. तथापि सुधारणा कायमस्वरूपी नसतात. ब्रिटनमधील तेल-उद्योगाने १९९० च्या दशकाच्या आरंभी भांडवली खर्चात सुमारे ३० टक्के कपात करण्याची मोहीम हाती घेतली. पुढे याच नव्या देखरेख यंत्रणेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अनेक प्लॅटफॉर्मवर देखभालीची कामे तुंबलेली आढळली.

मॅकोंडो : बचत केलेले तास

उत्तर समुद्राचा हा धडा अमेरिकेने स्वीकारला नव्हता. तेथील ‘मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस’ ही संस्था सागरी क्षेत्रे भाडेपट्ट्याने देई, सरकारसाठी स्वामित्वधन गोळा करी आणि सुरक्षिततेवर देखरेखही ठेवी. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला. १२६ पैकी ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि मॅकोंडो विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. विहिरीची चालक बीपी, रिगची मालक ट्रान्सओशन आणि सिमेंटचे काम हॅलिबर्टनकडे, अशी तेथील कामाची विभागणी होती.

विहिरीचे काम ४३ दिवस रखडले होते आणि खर्च अंदाजापेक्षा ५ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक वाढला होता. रिग चालवण्याचा एकूण खर्च दिवसाला १० लाख डॉलरच्या घरात होता. विहिरीतील नळी मध्यभागी राखण्यासाठी २१ सेंट्रलायझर लावण्याची आवश्यकता हॅलिबर्टनच्या गणितातून दिसत होती. प्रत्यक्षात ६ लावण्यात आले. जादा मागवलेले १५ योग्य प्रकारचे नाहीत, अशी समजूत झाली होती आणि ते बसवण्यास सुमारे दहा तास लागतील, हाही आक्षेप होता. सिमेंट नीट बसले की नाही हे तपासणाऱ्या तंत्रज्ञांना त्याच सकाळी तपासणी न करता परत पाठवण्यात आले. त्यातून सुमारे १ लाख २८ हजार डॉलर वाचणार होते. विहिरीतील दाबाच्या चाचणीत धोक्याचे चिन्ह दिसले, परंतु त्याचा सोयीस्कर अर्थ लावला गेला.

यांतील एकही निर्णय ‘सुरक्षितता सोडून द्या’ असा नव्हता. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने जानेवारी २०११ मधील अहवालात काढलेला निष्कर्ष नेमका हाच आहे : हेतू असो वा नसो, धोका वाढवणाऱ्या अनेक निर्णयांमुळे कंपन्यांचा वेळ आणि पैसा वाचत होता. काम थांबवण्याचा अधिकार रिगवरील प्रत्येक कामगाराला कागदोपत्री होता. तथापि मार्च २०१० मध्ये झालेल्या पाहणीत काही कामगारांनी तक्रार केल्यास सूड उगवला जाईल अशी भीती व्यक्त केली होती. दुर्घटनेच्या दिवशीच कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस वाया घालवणारा एकही अपघात झाला नाही, याबद्दल ते अभिनंदन करत होते. पाय घसरणे, बोट चेपणे यांची मोजदाद चोख होती. विहिरीच्या तळाशी वाढणाऱ्या धोक्याची मोजदाद होत नव्हती.

दुर्घटनेनंतर ‘मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस’चे विभाजन करून महसूल आणि सुरक्षितता वेगळ्या करण्यात आल्या. बीपीने २०१२ मध्ये ११ कामगारांच्या मृत्यूसंबंधीचे फौजदारी आरोप मान्य केले.

मुंबई हाय : आपला अनुभव

या चर्चेचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलै रोजी, ओएनजीसीच्या ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मवर ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज आपल्यावरील एका जखमी स्वयंपाक्याला उतरवण्यासाठी आले. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. जहाज समुद्रतळातून वर येणाऱ्या वायूच्या नळीवर आदळले. आग लागून सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. ही घटना सरळसरळ खर्चकपातीची म्हणता येणार नाही. परंतु वायूने भरलेल्या नळ्या जहाजाच्या धडकेपासून असुरक्षित होत्या आणि अशा हवामानात जहाजाने किती जवळ यावे, याचा निर्णय जागेवरील माणसांवर येऊन पडला होता.

त्यानंतर २००८ मध्ये सागरी तेल-उत्खननाच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले. ही प्रगती निश्चितच आहे. या नियमांखालील सक्षम प्राधिकारी म्हणून तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची नियुक्ती झाली. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अधीन स्थापन झालेले आहे आणि उत्पादनवाढ हे त्याच मंत्रालयाचे उद्दिष्ट आहे. म्हणजेच १९८० मध्ये ब्रिटनमध्ये बहुमताने जे मान्य केले आणि १९९० मध्ये जे त्याज्य ठरले, त्याच तत्त्वावर आपली रचना उभी राहिली.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात ओएनजीसीच्या कामावरील ‘पी-३०५’ या निवासी तराफ्याचे नांगर तुटले आणि २६१ जणांना घेऊन तो भरकटत जाऊन बुडाला. या तराफ्यावरील आणि ‘वरप्रदा’ या टगबोटीवरील मिळून ८० हून अधिक जण मरण पावले. त्यांतील बहुसंख्य कंत्राटी कामगार होते. हवामान खात्याने इशारा आधीच दिला होता. बंदरात परतणे म्हणजे कामाचे दिवस गमावणे. हे दिवस कोणाच्या खर्चाने गमवायचे, हे कंपनी, कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांच्या साखळीत ठरते. तराफ्यावर झोपणाऱ्या कामगाराला त्या साखळीत मत नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खर्चकपात क्वचितच एका मोठ्या आदेशाच्या रूपाने येते. ती वाचवलेल्या तासांच्या आणि पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांच्या रूपाने साचत जाते. दुसरी, कंत्राटी पद्धतीत जबाबदारी विभागली जाते, पण धोका विभागला जात नाही. तो प्रत्यक्ष जागेवरील कामगाराच्या वाट्याला येतो. तिसरी, काम थांबवण्याचा अधिकार नियमावलीत लिहिल्याने प्राप्त होत नाही. तो वापरणाऱ्याची नोकरी सुरक्षित असावी लागते आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी यंत्रणा उत्पादनाच्या उद्दिष्टापासून स्वतंत्र असावी लागते.

बर्गोइन समितीतील त्या दोन सदस्यांना कोणतीही भविष्यवाणी करायची नव्हती. कामगारांमध्ये वावरल्यामुळे त्यांना जे दिसत होते ते त्यांनी लिहिले. ते मान्य होण्यास दहा वर्षे आणि एक पायपर अल्फा लागला. आपल्याकडे २००५ आणि २०२१ या दोन दुर्घटना होऊन गेल्या आहेत. सुरक्षिततेची देखरेख उत्पादनाच्या खात्यातून वेगळी काढण्यासाठी याहून अधिक पुराव्याची आवश्यकता असू नये.